पायांवर खाज सुटणाऱ्या पुटकुळ्या : आधी नीट पाहा, मग औषध लावा

पावसाळा सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यात पायांना खाज सुटण्याच्या आणि बारीक पुटकुळ्या उठण्याच्या तक्रारी वाढतात, आणि त्यांची कारणे बहुतेक वेळा इथल्या कामाधंद्यातच सापडतात. गगनबावडा, राधानगरी, आजरा या पट्ट्यात भातलावणीच्या दिवसांत माणसे तासन्‌तास चिखलात उभी असतात. शिरोळ आणि हातकणंगल्यात उसाला रात्री पाणी पाजणाऱ्यांचे पाय पहाटेपर्यंत ओले राहतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत, विशेषतः फौंड्रीत, कामगारांचे पाय अख्खी पाळी जाड सेफ्टी बुटांत घामाने भिजलेले असतात. ओलावा, घाम आणि घर्षण या तिन्ही गोष्टी त्वचेचे वरचे आवरण कमकुवत करतात. मग बुरशी, किडे, चामड्यातील रसायने यांपैकी जे आधी पोहोचेल त्याला तिथे जागा मिळते.

अडचण अशी की खाज सगळीकडे सारखीच असते, कारणे मात्र वेगवेगळी असतात आणि एका कारणावरचे औषध दुसऱ्या कारणात त्रास वाढवते. म्हणून मेडिकलमध्ये जाऊन “खाजेची ट्यूब द्या” असे म्हणण्याआधी दहा मिनिटे स्वतःच्या पायाकडे नीट पाहणे, हेच उपचाराचे पहिले पाऊल होय.

पाहायचे कसे, ते आधी सांगतो. पाय साध्या पाण्याने धुऊन, कोरडे करून, दिवसाच्या उजेडात पाहावेत. ट्यूबलाइटच्या प्रकाशात लाली आणि बारीक कोंडा नीट कळत नाही. बोटे एकेक करून फाकवून बेचक्या पाहाव्यात, तळपाय आरशात पाहावा किंवा घरातील कोणाला तरी पाहायला सांगावे. नंतर चार प्रश्नांची उत्तरे मनाशी नक्की करावीत. पुरळ नेमके कोठे आहे: बोटांच्या बेचक्यांत, तळव्यावर, पावलाच्या वरच्या बाजूला, की घोट्याभोवती? एका पायाला आहे की दोन्ही पायांना, आणि दोन्हींना असल्यास ते सारखेच आहे का? अंगावर इतरत्र, विशेषतः हाताच्या बोटांत, मनगटावर किंवा जांघेत, असेच काही आहे का? आणि घरात आणखी कोणाला खाज सुटते का? या चार उत्तरांवरून निम्म्याहून अधिक कोडे सुटते. मोबाइलवर एक छायाचित्रही काढून ठेवावे, कारण डॉक्टरांकडे जाईपर्यंत पुरळाचे रूप पालटलेले असू शकते.

चिखल्या

बोटांच्या बेचक्यांत, त्यातही करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये, त्वचा पांढरट, भिजल्यासारखी आणि सुटलेली दिसत असेल, वास येत असेल आणि मोजे काढल्यावर खाज वाढत असेल, तर त्या बहुधा चिखल्या असतात. हा बुरशीचा संसर्ग आहे. याच बुरशीची आणखी दोन रूपे दिसतात. एकात संपूर्ण तळवा कोरडा, जाडसर आणि बारीक कोंड्याने भरलेला होतो, आणि लोक त्याला वर्षानुवर्षे “पायाला भेगा आहेत” असे समजून तेल लावत राहतात. दुसऱ्यात तळव्याच्या खोलगट भागावर पाण्याने भरलेल्या पुटकुळ्या उठतात. पुष्कळदा संसर्ग एका पायाला जास्त व दुसऱ्याला कमी असतो, आणि शेजारचे नख पिवळट, जाड व ठिसूळ झालेले असते. नख बिघडलेले असेल तर बुरशीचा साठा तिथे आहे असे समजावे. नुसत्या मलमाने नख सहसा बरे होत नाही, आणि पोटातून घ्यावयाच्या गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांनीच करावयाचा असतो.

चिखल्यांच्या उपचारात औषधाइतकेच महत्त्व कोरडेपणाला आहे, आणि नेमके तेच पावसाळ्यात सर्वांत अवघड असते. पाय धुतल्यावर प्रत्येक बेचकी वेगळ्या सुती फडक्याने टिपून कोरडी करावी. ते फडके अंग पुसायला वापरू नये, कारण पायाची बुरशी जांघेत पोहोचते ती बहुधा याच मार्गाने. अंतर्वस्त्र घालण्याआधी मोजे घालावेत, म्हणजे कपडा पायावरून जांघेकडे जाताना बुरशी सोबत नेणार नाही. मोजे सुती असावेत आणि ते रोज बदलावेत. घाम फार येत असेल तर दिवसातून दोनदा बदलावेत. बूट ओले असतील तर ते सुकायला एक पूर्ण दिवस लागतो, म्हणून शक्य असल्यास दोन जोड आलटून पालटून वापरावेत. शेतातून किंवा पाळीवरून घरी आल्यावर पाय उघडे ठेवून वारा लागू द्यावा.

मलमांमध्ये क्लोट्रिमाझोल १ टक्का दिवसातून दोनदा, साधारण चार आठवडे लावतात. टर्बिनाफाइन १ टक्का हेही परिणामकारक असते व बेचकीतील चिखल्यांना ते कमी दिवसांत पुरते. पुरळ दिसते तिथेच न थांबता त्याच्या कडेपासून दोन सेंटिमीटर बाहेरपर्यंत पातळ थर लावावा. सर्वांत मोठी चूक होते ती औषध थांबवण्यात. चार-पाच दिवसांत खाज जाते, माणूस ट्यूब बाजूला ठेवतो, पण त्वचेतील बुरशी मेलेली नसते. म्हणून त्वचा दिसायला पूर्ववत झाल्यानंतरही आठवडाभर तरी मलम चालू ठेवावे. गेल्या काही वर्षांत भारतात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी पसरली असून तिचे अनेक वाण टर्बिनाफाइनला दाद देत नाहीत. हा त्रास जांघेत आणि अंगावर होणाऱ्या गजकर्णात अधिक दिसतो. म्हणून मलम नियमाने लावूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर तेच औषध रेटत न राहता तपासणी करून घ्यावी. त्वचेचा थोडासा कोंडा खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे पाहण्याची ही तपासणी साधी आणि वेदनारहित असते.

तालमीतील पैलवानांना एक वेगळी सूचना करावीशी वाटते. कोल्हापुरात एकाच आखाड्यात अनेक जण रोज अंगाला अंग लावून लढतात, एकत्र राहतात, कधी एकमेकांचा टॉवेलही वापरतात. एकाच्या पायाच्या चिखल्या दुसऱ्याच्या अंगावर गजकर्ण होऊन उठू शकतात. ज्याला संसर्ग आहे त्याने ते वस्तादांपासून लपवू नये, आणि उपचार चालू असेपर्यंत लांग, टॉवेल व चपला वेगळ्या ठेवाव्यात.

त्या “तीन औषधांच्या” ट्यूबविषयी

बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टिरॉइड अशी मिश्रणे एकाच ट्यूबमध्ये मिळतात आणि घरोघरी ती “खाजेचे मलम” म्हणून ठेवलेली असतात. ती लावल्यावर एक-दोन दिवसांत खाज व लाली जाते, म्हणूनच लोकांचा तिच्यावर विश्वास बसतो. प्रत्यक्षात स्टिरॉइड त्वचेची प्रतिकाराची धडपड थांबवते. खाज मिटते, परंतु बुरशी निर्वेधपणे पसरत राहते. मलम थांबवले की पुरळ अधिक मोठे होऊन परत येते, त्याची नेहमीची गोल कड पुसली जाते आणि अनुभवी डॉक्टरांनाही ते ओळखणे कठीण जाते. महिनोन्‌महिने वापरल्यास त्वचा पातळ होते, विशेषतः जांघेत कायमचे पट्टे उमटतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे बंधन घातले, तरीही ती सहज मिळतात ही वस्तुस्थिती आहे. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. पुढे येणाऱ्या इसबात तेच मुख्य औषध असते. मात्र कारण ठरल्याशिवाय ते लावू नये. ट्यूबवर क्लोबेटासोल, बेक्लोमेटासोन, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे एवढे प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

पाणीदार पुटकुळ्यांचा इसब

तळव्याच्या कडेला, बोटांच्या बाजूंना आणि अनेकदा हातांच्या बोटांवरही एकाच वेळी एक-दोन मिलिमीटरच्या, त्वचेत खोल रुतलेल्या पुटकुळ्या येतात. त्या भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या दिसतात. त्यांना भयंकर खाज सुटते, कधी आगही होते, आणि दोन-तीन आठवड्यांत त्या सुकून त्वचेचे पापुद्रे निघतात. हा इसबाचा एक प्रकार असून तो संसर्गजन्य नाही. उन्हाळ्याची सुरुवात, घाम, मानसिक ताण यांनी तो उसळतो, तर काही जणांत निकेलच्या ॲलर्जीने. दुसऱ्या ठिकाणी असलेल्या बुरशीची प्रतिक्रिया म्हणूनही हातापायांवर अशा पुटकुळ्या उठतात, म्हणून हातांवर पुटकुळ्या दिसल्या तरी पायाच्या बेचक्या तपासाव्यात.

पुटकुळ्या सुईने फोडू नयेत. पुटकुळ्या ओल्या असताना थंड पाण्यात भिजवून पिळलेले सुती फडके पंधरा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा ठेवावे. डॉक्टरांनी पोटॅशियम परमँगनेट सुचवले असेल तर पाणी फिकट गुलाबी होईल इतकेच ते विरघळवावे. जांभळे, गडद पाणी त्वचा भाजते आणि न विरघळलेला खडा त्वचेवर राहिला तर जखम होते. ते मुलांच्या हाती लागू देऊ नये. पुटकुळ्या सुकल्यावर साधे पेट्रोलियम जेली किंवा तत्सम वंगण दिवसातून अनेकदा लावावे. प्रबळ स्टिरॉइड मलम मर्यादित दिवसांसाठी लागते, पण ते डॉक्टरांनी पाहून, बुरशी नाही याची खात्री करून दिलेले असावे.

चप्पल आणि बूट

पुरळ पावलाच्या वरच्या बाजूला, अगदी पट्ट्याच्या आकाराचे, दोन्ही पायांना सारखे असेल आणि बेचक्या मात्र स्वच्छ असतील, तर संशय पादत्राणावर घ्यावा. ही ॲलर्जी लगेच उठत नाही. संपर्कानंतर साधारण एक ते तीन दिवसांनी खाज, लाली आणि पुटकुळ्या येतात, म्हणून माणसाला चपलेशी त्याचा संबंध जोडता येत नाही. वर्षानुवर्षे तीच चप्पल वापरणाऱ्यालाही एके दिवशी ॲलर्जी सुरू होऊ शकते, त्यामुळे “इतकी वर्षे काही झाले नाही” हा पुरावा होत नाही.

कारणीभूत द्रव्ये मुख्यतः चार: चामडे कमावताना वापरलेले क्रोमियम, रबरातील रसायने, चिकटवण्याचे सोल्युशन आणि रंग. घाम आणि पावसाचे पाणी चामड्यातील क्रोमियम बाहेर ओढतात, म्हणूनच हा त्रास पावसाळ्यात आणि कडक उन्हाळ्यात वाढतो. येथे कोल्हापुरी चपलेविषयी न्यायाने बोलले पाहिजे. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल पारंपरिक पद्धतीत हिरडा आणि बाभळीची साल यांनी कमावलेल्या चामड्याची असते. त्यात क्रोमियम लागत नाही, आणि खऱ्या कारागिराच्या चपलेत शिवण चामड्याच्याच वादीची असते. क्रोमियमची ॲलर्जी असलेल्या माणसाला अशी चप्पल उलट सोयीची ठरू शकते. मात्र कोल्हापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक चपलेचे चामडे तसे असतेच असे नाही. रबरी तळ चिकटवलेल्या किंवा चकचकीत रंगवलेल्या चपलेत रबर, सोल्युशन व रंग यांपैकी काही ना काही असते. घेताना कारागिराला चामडे कशाने कमावले आहे आणि तळ शिवलेला आहे की चिकटवलेला, हे दोन प्रश्न विचारावेत. नवी चप्पल पायाला घासून उठणारे फोड ही वेगळी गोष्ट आहे. ते दुखतात, खाजत नाहीत, आणि चप्पल मऊ झाली की थांबतात.

खात्री करण्याचा घरचा मार्ग असा की संशयित पादत्राण तीन-चार आठवडे पूर्ण बंद करावे आणि त्या काळात वेगळ्याच पदार्थाचे, शक्य तर कापडी किंवा साध्या प्लॅस्टिकचे घालावे. मधून एखादा दिवस जुने वापरले तर सगळी कसोटी वाया जाते. निश्चित निदानासाठी पॅच टेस्ट असते. पाठीवर द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी आणि पुन्हा त्यानंतर एक-दोन दिवसांनी पाहतात, आणि त्या काळात पाठ भिजवता येत नाही. फौंड्रीतील कामगाराला सेफ्टी बूट टाळता येत नाहीत. त्याने बुटाच्या आत जाड सुती मोजे घालावेत, आतला तळ वेगळा बदलून घ्यावा आणि डॉक्टरांचे पत्र देऊन व्यवस्थापनाकडे वेगळ्या पदार्थाचे बूट मागावेत. पायाचे संरक्षण काढून टाकणे हा उपाय नव्हे. गवंडीकाम करणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की ओल्या सिमेंटमध्ये क्रोमियमचे क्षार असतात व बुटात शिरलेला सिमेंटचा राडा ॲलर्जीबरोबर खोल भाजण्यालाही कारण होतो. तो तत्काळ भरपूर पाण्याने धुवावा.

किडे आणि खरूज

घोट्याभोवती आणि पोटरीच्या खालच्या भागात, ओळीने किंवा तीन-चारच्या झुबक्यांनी उठलेले, मध्यभागी बारीक ठिपका असलेले गांध हे किड्यांच्या चाव्याचे असतात. गोठ्याजवळ राहणाऱ्यांत आणि घरात कुत्री-मांजरे असणाऱ्यांत पिसवा घोट्यालाच अधिक चावतात, कारण त्या जमिनीवरून उडी मारतात. लहान मुलांत एक चावा आठवडेन्‌आठवडे खाजत राहतो आणि जुने गांधही पुन्हा उठतात. थंड पाण्याची पट्टी, कॅलामाइन लोशन आणि मुलाची नखे कापून ठेवणे एवढे बहुधा पुरते. परंतु प्राण्यावरील पिसवांचा पशुवैद्यांकडून बंदोबस्त केला नाही तर चावे थांबणार नाहीत.

खरूज याहून वेगळी. तिची खाज रात्री अंथरुणात शिरल्यावर वाढते, हाताच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवती आणि गुप्तांगावर पुरळ असते, आणि घरातील दोघे-तिघे खाजवत असतात. मोठ्यांच्या तळव्यांवर ती क्वचित दिसते, पण तान्ह्या मुलांच्या तळपायांवर व तळहातांवर पुटकुळ्या आल्या तर खरजेचा विचार आधी करावा. पर्मेथ्रिन ५ टक्के हे मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, बेचक्या व नखांखालच्या जागेसह, रात्री लावून सकाळी धुवावे आणि एक ते दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा लावावे. घरातील सर्वांनी, खाज नसलेल्यांनीही, एकाच रात्री लावणे अत्यावश्यक आहे, कारण पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. अंथरूण-पांघरूण व कपडे गरम पाण्यात धुवावेत. धुता न येणाऱ्या वस्तू बंद पिशवीत तीन-चार दिवस ठेवाव्यात. किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते, तेव्हा घाबरून मलम रोज लावू नये. तान्ही बाळे आणि गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच लावावे.

भातखाचरात उतरल्यावर तासाभरात नडगीवर व पावलांवर चुणचुण होऊन बारीक पुरळ उठणे, हे पाण्यातील गोगलगायींतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म परजीवींमुळेही होते. ते त्वचेतच मरतात आणि पुरळ सहसा आठवड्याभरात ओसरते. कोरड्या टॉवेलने पाय लगेच रगडून पुसणे व गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालणे हा त्यावरचा उपाय आहे. तळव्यावर नागमोडी, रोज थोडी पुढे सरकणारी, तीव्र खाजणारी रेघ दिसली तर ती कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून मातीत आलेल्या जंताची अळी असते. तिच्यावर पोटातून घ्यावयाचे औषध डॉक्टर देतात. चामखीळ आणि कुरूप यांना खाज नसते, दाबल्यावर दुखते, म्हणून त्यांचा विचार येथे करीत नाही.

आज रात्रीची खाज

कारण शोधेपर्यंत झोप तर लागली पाहिजे. थंड पाण्याची पट्टी हा सर्वांत निर्धोक उपाय आहे. प्रौढांना सेटिरिझिन १० मिलिग्रॅमची एक गोळी रात्री चालते, मात्र तिने गुंगी येऊ शकते, म्हणून गोळी घेऊन गाडी किंवा यंत्र चालवू नये, आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. कढत पाण्यात मीठ टाकून पाय शेकण्याची सवय अनेकांना आहे. त्याने क्षणभर बरे वाटते, परंतु त्वचा अधिक कोरडी पडते व खाज परतते. लसूण ठेचून बांधणे, चुना, रॉकेल किंवा टूथपेस्ट लावणे यांनी त्वचा भाजते. कडुनिंबाच्या पाल्याचे कोमट पाणी घातक नाही, पण त्याच्या भरवशावर उपचार लांबवू नयेत. खोबरेल तेल कोरड्या तळव्याला चांगले असले तरी चिखल्यांवर नको, कारण बेचकीत ओलावा कोंडतो.

डॉक्टरांकडे कधी जावे

मधुमेह असलेल्याने पायाच्या कोणत्याही पुटकुळीवर घरगुती प्रयोग करू नयेत. पायाची संवेदना कमी झालेली असल्यास पाणी किती कढत आहे हेही कळत नाही, आणि खाजवून झालेली लहान जखम पायावर बेतू शकते. पाय लाल, गरम, सुजलेला होऊन लाली वर चढत असेल, ताप असेल, जांघेत गाठ आली असेल, पू येत असेल, तर त्याच दिवशी जावे. बेचकीतील भेगेतून जंतू आत शिरून असे होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेच्या पाण्यात अनेकांना दिवसन्‌दिवस उभे राहावे लागले. अशा पाण्यातून आल्यावर काही दिवसांत ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल होणे असे दिसले तर त्वचेकडे न पाहता लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाची, शंका सांगून तपासून घ्यावे. मुलाच्या तळहाता-तळपायांवर पुटकुळ्या आणि तोंडात फोड एकत्र आले, तर तो विषाणूजन्य आजार असू शकतो. मुलाला शाळेत पाठवू नये.

पुरळ न दिसता तळहात-तळपायांना खाज सुटणे हे गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत यकृतातील पित्ताच्या अडथळ्याचे लक्षण असू शकते व बाळाला धोका असतो, म्हणून त्या स्त्रीने विलंब न करता प्रसूतितज्ज्ञांना सांगावे. आणि उलट, फिकट किंवा लालसर चट्टा असून त्याला खाजही नाही आणि स्पर्शही कळत नाही, तर ती कुष्ठरोगाची सुरुवात असू शकते. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा शहरात छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, जाताना आतापर्यंत लावलेल्या सर्व ट्यूब व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, पाकीट फेकून दिले असेल तर नाव तरी लिहून न्यावे. नेहमीची चप्पल किंवा बूट पायात घालूनच जावे आणि कामाचे वेगळे असतील तर तेही सोबत घ्यावेत. शक्य असल्यास आधीचे काही दिवस पुरळावर बुरशीचे मलम लावू नये, कारण मलम लावलेल्या त्वचेचा कोंडा तपासला तर बुरशी असूनही ती दिसत नाही.